कमानीच्या विटा

आमच्या बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या त्या बालगृहाच्या हॉलमध्ये कधी गेलात तर आधी वर बघा. नुसते पंखे. एकमेकांना घासतील इतके जवळजवळ. आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यावर नाव, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. ती सगळी अक्षरं माझ्या हातची. मी अनंत पेंटर, बुधवाऱ्यात माझं दुकान. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या, निवडणुकीच्या भिंती गेल्या, सगळंच गेलं. राहिलं एवढंच, दान दिलेल्या वस्तूंवर नावं घालणं. त्यातही पंखा लोकांना फार आवडतो, कारण त्याला तीन पाती असतात. एका पात्यावर आजोबा, एकावर आजी, तिसऱ्यावर दुकानाचं नाव. पंखा फिरला की अक्षर दिसत नाही, म्हणून एका महाभागानं मला बजावून सांगितलं होतं, "तिथल्या वॉर्डनबाईंना सांग, आमचा पंखा फार चालवू नका." असल्या माणसाच्या नावाची वेलांटी काढताना मला शिसारी येते. पण पोट आहे ना राव.

पंख्यांखाली भिंतीवर घड्याळं. त्यातलं एकही चालत नाही, कारण घड्याळ देणारे मिळतात, सेल देणारा मिळत नाही. थंड पाण्याचं मशीन आहे, त्यावर दोन माणसांची नावं आहेत, आणि विजेचं बिल परवडत नाही म्हणून ते बंद आहे. मुली त्याच्यावर दप्तरं ठेवतात. बिघडलेले पंखेसुद्धा खाली उतरत नाहीत. का? तर आमच्या बुऱ्हाणपुरात गेलेल्या माणसाचं नाव पुसत नाहीत. वस्तू मोडो, सडो, गंजो, नाव असलं की तिला कुणी हात लावत नाही. मी स्वतः इतकी वर्षं ब्रश धरतोय, पण 'कै.' लिहिलेल्या एकाही नावावरून मी तारपिनाचा बोळा फिरवलेला नाही. अपशकुनच तो. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

तर ह्या पंख्यांच्या खाली लीलाबाई राहायच्या. बालगृह ख्रिस्ती लोकांचं, लीलाबाई तिथल्या वॉर्डन. मुली त्यांना मावशी म्हणत. बाईंचं घर, सासर, माहेर, सगळं तेच. तुकईथड गावाकडून त्या इथं आल्या तेव्हा आठ वर्षांच्या होत्या, बोटाला धाकटा भाऊ, निंबा. पुढं तो मोठा झाला तसा नियमाप्रमाणं त्याला मुलांच्या वसतिगृहात धाडला, दुसऱ्या गावी. तिथून तो कुठं गेला, ते आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. बाई हे रडून वगैरे सांगत नसत. मला एकदाच म्हणाल्या होत्या, "अनंतभाऊ, त्याच्या शर्टाचं बटन तुटलं होतं त्या दिवशी. मी म्हटलं, रविवारी भेटायला येईन तेव्हा लावून देईन." झालं. तो रविवार काही आला नाही.

बाईंचा दिवस अंधारातच सुरू व्हायचा. मुलींच्या वेण्या, चूल (गॅस असला तर गॅस), प्रार्थना, पोहे, मग शाळेची रांग. संध्याकाळी अभ्यास, पुन्हा प्रार्थना. त्या प्रार्थनेची एक गंमत सांगतो. लहान पोरी अक्षरं शिकल्या त्या ह्या पंख्यांवरच. उताणं पडायचं आणि वाचायचं. त्यामुळं सगळ्या गावातले मेलेले त्यांना तोंडपाठ. आणि रात्रीच्या प्रार्थनेत त्या येशूकडं आपल्या आईबापांच्या आधी ह्या पंखेवाल्यांसाठी मागणं करायच्या. लेवा, गुजर, वाणी, मराठे, कुणाला सोडायच्या नाहीत. आमच्या कुणाच्या घरी पोटची नातवंडं तरी इतकं नाव घेतात का? घेत असतील तर मला सांगा.

आधी बालगृहाला परदेशातल्या एका चर्चकडून मदत यायची. ती बंद झाली, कागदपत्रांत काहीतरी अडकलं. तेव्हापासून सगळी भिस्त गावाच्या पुण्यावर. आणि पुण्य म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी बघितलंय. वाढदिवस आला की गाडी येते. पोरींना रांगेत बसवतात, शाळेतून येऊन त्या भुकेनं कावलेल्या असतात, पण आधी टाळ्या, मग गाणं, मग फोटो, मग दुसरा फोटो कारण पहिल्यात साहेबांचे डोळे मिटले. मग मावा जिलबी. पितृपक्षात तर विचारूच नका. सकाळी एकाची खीर, दुपारी दुसऱ्याचे वडे, संध्याकाळी तिसऱ्याची जिलबी. नाही म्हणायची सोय नाही, समोरच्याचे पितर उपाशी राहतात म्हणे! पंधरवडा संपला की पुन्हा पातळ वरण. मुली वर्षाच्या वर्षाला पंधरा दिवस आजारी पडायच्या, तेही धर्माच्या नावानं.

आणि आजारी पडलेल्या पोरी जाणार कुठं? संडासात. इथंच तर सगळं येऊन तुंबलं.

मागच्या अंगाला जुने संडास होते. त्यांची टाकी खचली होती, भिंतीला भेगा, दारं नाहीत, गोणपाट लावलेले. पावसाळ्यात सगळं वर यायचं आणि अंगणात पसरायचं. मी एकदा तिकडच्या पिंपावर नाव घालायला गेलो होतो. खोटं बोलत नाही, अर्धं नाव टाकून पळालो, दोन दिवस जेवण गेलं नाही. त्याच चिखलातून पोरी फ्रॉक वर धरून विटांवर पाय देत जायच्या. कितीतरी दानशूर मंडळी आली, कुणी म्हणून त्या बाजूला गेलं नाही. वास आला की नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "बाई, साफसफाई ठेवत जा जरा." थू!

मग जिल्ह्याची तपासणी आली. आलेल्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनाच भडभडून आलं. त्यांनी सांगितलं, "नाताळच्या आत संडास बांधा. नाहीतर मुली मला इथं ठेवता येणार नाहीत. वयाप्रमाणं वेगवेगळ्या गावी पाठवाव्या लागतील." वयाप्रमाणं. हाच शब्द लीलाबाईंनी धरला. कारण वैजयंती होती बारा वर्षांची आणि तिची बहीण तेजस्विनी पाचाची. आईबाप नसलेल्या त्या दोघी झोपेतसुद्धा एकमेकींची वेणी धरून झोपायच्या. एक ह्या गावी, एक त्या गावी, पुढं काय होतं ते बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती.

बाई दारोदार फिरल्या. चर्चच्या लोकांनी जमेल तेवढं दिलं, ते बिचारे स्वतः मास्तर नाहीतर नर्स, देऊन देऊन किती देणार? बाकी गावात सगळे एकच विचारायचे, "संडास? मग नाव कुठं टाकणार?" नाव नका टाकू म्हटलं की चहा देऊन वाटेला लावायचे. एकानं तर पंखाच देऊ केला. संडासात लावायला!

आता विनायकशेठ. केळीचे मोठे व्यापारी. ट्रकच्या ट्रक दिल्लीला जातात. बालगृहावर त्यांचा फार जीव, कारण वखारीत काळी पडलेली, गळायला लागलेली केळी ते तिथंच पाठवायचे. टेम्पो उलटा करून ओतायचे अंगणात. चिलटं घोंगावताहेत, रस वाहतोय, आणि ड्रायव्हर मोबाईलवर फोटो काढून शेठला पाठवतोय, 'पोहोचलं' म्हणून. त्यांच्या वाड्यासमोरून जाणाऱ्या गायी ज्याला तोंड लावत नसत ते ह्या पोरींना प्रसाद.

शेठची आई धुरपदाबाई आदल्या वर्षी वारली. आमच्याच गल्लीतली म्हातारी, मी ओळखायचो. वाड्यात पुढं संगमरवर, झुंबर, लिफ्टसुद्धा, आणि म्हातारीची खोली मागच्या चौकात. सुनेला वास सहन होत नव्हता ना! संडास चौकाच्या पलीकडं, शेवाळ धरलेला, तिथं दिवा नाही. पहाटे उठून गेली ती घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली आणि तशीच गेली. गल्लीत सगळ्यांना माहीत. तेराव्याला सगळ्या गल्लीनं जिलबी खाल्ली आणि तोंडं पुसली. मीही खाल्ली.

तर वर्षश्राद्ध जवळ आलं तसे शेठ बालगृहात आले, मोठ्या बहिणीला, निर्मलाताईंना घेऊन. मी तेव्हा शिडीवर होतो, पंख्याला नाव घालत. शेठ ऐटीत म्हणाले, "बाई, आईच्या नावानं काही मोठं करायचंय. काय पाहिजे ते सांगा. जे मागाल ते!"

लीलाबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "संडास बांधून द्या शेठ."

शेठचं तोंड आंबट झालं. "काय बोलताय बाई? माझ्या आईचं नाव संडासावर?"

"नाव नका टाकू. देवाला ठाऊक राहील."

"नाव नाही मग लोकांना कळणार कसं?" शेठ खरोखर गोंधळून बोलले. ढोंग नव्हतं त्यात, हेच तर जास्त किळसवाणं. मग त्यांनीच तोडगा काढला. "कमान बांधू! रस्त्यावर, झकास. 'कै. धुरपदाबाई स्मृती प्रवेशद्वार'. पोरी काय रुबाबात आत येतील!"

बाई म्हणाल्या, "शेठ, नाताळनंतर पोरीच राहणार नाहीत."

"अहो देव करेल बरोबर," असं म्हणून शेठनं मला वर बघून आवाज दिला, "ए अनंता, कमानीचं नाव तूच घालायचं. पैसे आत्ताच घे." आणि दिले. मी घेतले.

आठवड्यात विटा पडल्या, वाळू, सिमेंट, सळया पडल्या. मिस्त्री यादव, त्याची दोन माणसं. शेठनी खड्डे आखून दिले आणि घरच्यांना घेऊन सुरतला गेले, पुतणीच्या लग्नाला. जाताना सांगितलं, आम्ही आदल्या रात्रीच परत येऊ, वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी अनावरण, तोवर काम उरकायला पाहिजे.

पहिल्याच दिवशी दुपारी यादवच्या पोटात कळ आली. त्यानं विचारलं, "बाई, इधर संडास किधर है?" बाईंनी मागं बोट दाखवलं. गेला. लगेच परत आला, तोंडाला गमछा, डोळ्यांत पाणी, आणि भिंतीला धरून भडाभडा ओकला. पाणी पिऊन म्हणाला, "बाई, इधर लडकियां जाती है?"

"रोज," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथंच होतो, कमानीच्या जागेचं माप घ्यायला गेलेलो. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, खड्डा इथं खणायचाय, का मागं खणायचाय, ते बघा. शेठना मी सांगेन. जे होईल ते माझ्यावर."

मी म्हटलं, "बाई, चोरी म्हणतील ही."

बाई माझ्यावर एवढ्या कधी उखडल्या नव्हत्या. "म्हणू दे! माझा भाऊ नियमात बसवून नेला, कुणी त्याला चोरी म्हटलं? ह्या दोघींना मी सोडणार नाही अनंतभाऊ. मला काढा, पोलिसात द्या, काय करायचं ते करा."

यादवनं फावडं उचललं आणि मागं चालू लागला. दिवसभर गुडघाभर घाणीत उभा राहून तो माणूस खणत होता, संध्याकाळी अंगावर घासलेट चोळून घरी जायचा. टाकी झाली, भिंती उठल्या, फरशा बसल्या. दारं, नळ आणि पत्रे चर्चच्या लोकांनी जमवले. कमानीच्या विटा सगळ्या कामी आल्या. रस्त्यावर कमानीच्या नावानं पहिल्या दिवशी अर्धवट खणलेले दोन खड्डे राहिले, त्यात कुत्री झोपत.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी रंगाचे डबे घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "तुम्ही कशाला आलात? कमान तर नाही."

"नाव घालायचे पैसे घेतलेत. नाव घालतो."

"नको हो भाऊ, शेठ अजून भडकतील."

मी ऐकलं नाही. नव्या भिंतीवर, दाराच्या वर, निळ्या रंगात, माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुबक अक्षरं काढली. 'कै. धुरपदाबाई यांच्या स्मरणार्थ'. पोरी खाली उभ्या राहून एकेक अक्षर वाचत होत्या. नवी म्हातारी मिळाली म्हणून खूश. त्या रात्री प्रार्थनेत नाव घेतलंसुद्धा असेल.

सकाळी शेठ आले. तीन गाड्या, भटजी, फोटोवाला, निर्मलाताई. रस्त्यावर खड्डे बघून शेठ आधी हसले, त्यांना वाटलं आपण चुकीच्या फाटकाला आलो. मग बाईंनी पुढं होऊन सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. शेठचा चेहरा केळफुलासारखा झाला. जी तोंडात येईल ती शिवी. "भिकार बाई! माझ्या आईच्या विटा ह्या पोरींच्या गूमुतात घातल्या!" तरातरा मागं गेले आणि ओरडले, "यादव! पाड हे! आत्ताच्या आत्ता!"

यादवनं घण उचलला. वर बघितलं. नाव वाचलं. घण खाली ठेवला.

"शेठ, माँजी का नाम है," तो म्हणाला.

शेठनं वर बघितलं, मग माझ्याकडं. "अनंत्या! पूस ते!"

मी पिशवीतून तारपिनाची बाटली काढली, बोळा काढला. म्हटलं, "शेठ, गेलेल्याचं नाव मी पुसत नाही, गावाला माहीत आहे. आज श्राद्ध आहे, तुमची आई आहे. तुम्हाला पुसायचं असेल तर हा घ्या बोळा, शिडी मी धरतो."

भटजी दुसरीकडं बघायला लागले. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. शेठनी बोळा घेतला, खरंच घेतला. तेवढ्यात निर्मलाताई, बहीण, पुढं आल्या. त्यांनी एका संडासाचं दार उघडलं, आत वाकून बघितलं. कोरडी फरशी, भिंतीला धरायला दांडा, वर दिवा. लीलाबाईंनी लहान पोरींसाठी दांडा बसवून घेतला होता. निर्मलाताई तो दांडा धरून उभ्या राहिल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. "विन्या, आईला असा एक बांधला असता तर रे..."

शेठच्या हातातला बोळा गळून पडला. ते सरळ गाडीत जाऊन बसले.

इथं थांबलो असतो तर बरं वाटलं असतं तुम्हाला, मलाही. पण माणसं इतक्यात सुधारत नाहीत. नाताळच्या आधी मॅडम येऊन गेल्या, संडास बघितले, मुली राहतील म्हणाल्या. वैजयंती आणि तेजस्विनी राहिल्या. लीलाबाई राहिल्या नाहीत. शेठनं बालगृहाच्या कमिटीला निरोप धाडला, ती बाई तिथं असेल तर गावातून दाणा मिळू देणार नाही. कमिटीनं बाईंना वय झाल्याचं सांगून निरोप दिला. नाताळचा तारा टांगून, पोरींना गोड खाऊ घालून बाई एक पत्र्याची पेटी घेऊन खंडव्याला गेल्या. तिथं एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं सगळं करतात. जाताना त्यांनी पोरींच्या फ्रॉकची झाडून सगळी बटनं तपासली.

आणि शेठ? ऐका. मार्चात कुठल्याशा मंडळानं स्वच्छतेच्या कामासाठी त्यांना शाल-नारळ दिला! पेपरात फोटो, मागं तोच संडास. त्यानंतर मला बोलावणं आलं. आईच्या नावाखाली आणखी एक ओळ घालायची, 'विनायकशेठ यांनी बालिकांसाठी हे स्वच्छतागृह अर्पण केले.' पैसेही सोबतच पाठवले होते. शिडी लावली. 'विनायकशेठ यांनी' एवढं लिहून झालं होतं.

खालून वैजयंती म्हणाली, "काका, मावशीचं नाव कुठं लिहिणार?"

मी म्हटलं, "मावशीनं पैसे नाही ना दिले बेटा. जो देतो त्याचं नाव."

"पण शेठनी कुठं दिलं? ते तर मावशीनं घेतलं." तेजस्विनी तिची वेणी धरून उभी होती. वैजयंती वर बघत म्हणाली, "खोटं लिहून राहिले तुम्ही."

मी ब्रश धुतला, डब्याला झाकण लावलं, खाली उतरलो. शेठचे पैसे त्यांच्या वखारीत नेऊन दिवाणजीच्या पुढ्यात ठेवले. त्या भिंतीवर अजून तसंच आहे, 'विनायकशेठ यांनी', पुढं कोरी भिंत. पाहुणे येतात आणि विचारतात, यांनी काय? मग पोरी सांगतात.